मदत हवी आहे: लाइव्ह डेबियनमध्ये पर्सिस्टन्स ठेवावा की नवी इमेज बांधावी?

बीड जिल्ह्यातील आमच्या शाळेत हार्ड डिस्कला हात लावण्याची परवानगी नसल्यामुळे आम्ही ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून डेबियन लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारी लिनक्स प्रणाली) चालवतो. संगणक बंद केल्यावरही बदल आणि फाइली टिकाव्यात (यालाच पर्सिस्टन्स म्हणतात) म्हणून उरलेल्या जागेत ‘पर्सिस्टन्स’ लेबलचे एक्स्ट-४ पार्टिशन केले, पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ फाइलमध्ये ‘/ युनियन’ ही ओळ लिहिली आणि बूट करताना तोच पर्यायही दिला. त्यामुळे जीकॉम्प्रिस (मुलांचे शैक्षणिक खेळ), मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि मुलांच्या फाइली व्यवस्थित टिकतात. अडचण विजेची आहे. यूपीएस नाही, आणि पॅकेज टाकताना वीज गेली (उन्हाळ्यात तर विचारूच नका) की एपीटी (सॉफ्टवेअर पॅकेजेस टाकणारे साधन) अडून बसते. पार्टिशन अनमाउंट करून एफएससीके (फाइल-प्रणालीची तपासणी) आणि नंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ (अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करणारी आज्ञा) चालवल्यावर गाडी रुळावर येते, पण हे काम दर वेळी इतर शिक्षकांवर सोपवता येत नाही. शिवाय कर्नल (प्रणालीचा गाभा) मूळ इमेजमधूनच बूट होत असल्याने त्याचे अपडेट नुसती जागा अडवते. म्हणून सर्व पॅकेजेस लाइव्ह-बिल्डने (लाइव्ह इमेज बांधणारे साधन) स्क्वॉशएफएसमध्येच (इमेजमधील फक्त वाचता येणारी संकुचित फाइल-प्रणाली) घालून पर्सिस्टन्स केवळ ‘/होम’पुरता (वापरकर्त्यांच्या फाइलींचे फोल्डर) ठेवावा, असे वाटते. शाळेत इंटरनेट नाही; इमेज घरी बांधता येईल. तसे केल्यास जुन्या पार्टिशनमधील ‘आरडब्ल्यू’ (जिथे सर्व बदल साठतात त्या) फोल्डरखालचे होम, मालकी आणि परवानग्या न बिघडवता, नव्या रचनेत कसे हलवावे, आणि कळफलकाची मांडणी इमेजमध्येच कायम करण्यासाठी ती नेमकी कुठे लिहावी?