‘फोक-रॉक बँड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: लॉस एंजेलिसमध्ये १९६६ साली जमलेल्या आणि मे १९६८मध्ये विखुरलेल्या ‘बफेलो स्प्रिंगफील्ड’ या अमेरिकी फोक-रॉक बँडवर मी लेख लिहीत आहे. मसुद्यातल्या ‘लोक-रॉक वाद्यवृंद’ या दोन्ही शब्दांवर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तांबडी रेघ मारली. पर्याय सुचवावेत.

प्रतिसाद १: रेघ योग्यच आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली, हे कोणी विचारत नाही. इथे मात्र सनसेट स्ट्रिप या रस्त्यावर तरुणांवर लादलेल्या संचारबंदीवरून नोव्हेंबर १९६६मध्ये पोलिसांशी झटापट झाली, तिच्यावर या बँडमधल्या स्टीफन स्टिल्स यांनी गाणे लिहिले आणि ते १९६७मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. ज्याचा कर्ता आणि महिना सांगता येतो, ते लोकगीत कसे?

प्रतिसाद २: हा निकष मला मान्य नाही. अण्णा भाऊ साठे यांची कवने त्यांच्या नावानेच ओळखली जातात, तरी आपण त्यांना लोकशाहीर म्हणतो. तिथे ‘लोक’ म्हणजे निनावी नव्हे, तर लोकांच्या बाजूचा. अमेरिकेतही स्वतः गाणी रचणारे वुडी गथ्री फोक गायकच मानले जातात. ‘लोक-रॉक’ राहू द्यावे. खरी अडचण ‘वाद्यवृंदा’ची आहे. तो शब्द वाचला की गणेशोत्सवाच्या मांडवात दुसऱ्यांची सिनेगीते हुबेहूब गाणारी मंडळी आठवतात, आणि ‘बँड’ म्हटले की वरात. आपला ‘फड’ का नको? फड फुटतो आणि फुटलेल्यातून नवे फड उभे राहतात. इथेही तीनच अल्बमनंतर यांच्यातल्याच रिची फ्युरे आणि जिम मेसिना यांनी ‘पोको’ हा नवा बँड उभा केला, तर स्टिल्स आणि नील यंग पुढे डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या गायकांसह गायले. कंट्री-रॉकची, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या रॉकची, वाट मळली, ती या फुटीनंतरच.

प्रतिसाद १: फड मालकाच्या किंवा नायिकेच्या नावाने चालतो. यांनी नाव घेतले ते रस्त्यावर उभ्या असलेल्या एका रोलरच्या पाटीवरून; यांच्यात मालक कोणीच नव्हता. यंग तर मध्येच सोडून जात आणि परत येत. ‘बँड’च लिहावे. वाचकाला वरात आणि गिटार यांतला फरक कळतो.

प्रश्नकर्ता: पाटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मसुद्यात मी ‘रस्ता सपाट करणारे यंत्र’ असे लिहिले आहे.

प्रतिसाद २: कृपया ‘रोडरोलर’ लिहावे. आमच्या घरासमोर खडीवर तो फिरू लागला की कपाटातल्या कपबश्या वाजत, आणि आजी ‘रोलर आला’ एवढेच म्हणे.