डिपार्टेड: शेवटचे मुडदे उगाच नाहीत

स्कॉर्सेसीच्या 'द डिपार्टेड' या गुन्हेगारी सिनेमाबद्दल 'शेवटी उगाच मुडदे पाडलेत, निकल्सनही भडक वाटला' असं मत एकाने मांडलंय. त्यातलं मुडद्यांचं काही पटलं नाही. (सिनेमा पाहिला नसेल तर पुढे वाचू नका, रसभंग होईल.) लिफ्टचं दार उघडतं आणि टोळीत शिरलेला पोलीस, म्हणजे डिकॅप्रिओ, एका गोळीत खलास. ना निरोपाचा संवाद, ना स्लो मोशन. इतका वेळ ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसलो, तो असा जातो, म्हणूनच ती हिंसा अंगावर येते.

तक्रार करायचीच तर मॅट डेमनच्या, म्हणजे पोलिसांत शिरलेल्या टोळीच्या माणसाच्या, शेवटाबद्दल करा. मूळ हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'मध्ये (२००२) पोलिसांतला तो घरभेदी जिवंत राहतो आणि तीच त्याची शिक्षा. स्कॉर्सेसीने त्याला गोळी घालून हिशेब चुकता केला, तिथे धार गेली. गंमत म्हणजे मूळ सिनेमाच्याही चीनसाठीच्या आवृत्तीत त्याला अटक होते!

टोळीचा म्होरक्या झालेला निकल्सन भडक वाटला म्हणता, ते कबूल. पण ते पात्र ज्याच्यावर बेतलंय तो बॉस्टनचा खराखुरा गुंड व्हाइटी बल्जर स्वतःच एफबीआयचा खबरी होता. २००६ मध्ये सिनेमा आला तेव्हा तो फरारच होता, सापडला थेट २०११ मध्ये.