मदत हवी आहे: अंदमानची बोट सफर, आईचे गुडघे आणि लेकीचा चष्मा

नमस्कार मंडळी, डिसेंबरात पुण्याहून सहकुटुंब अंदमानला निघतोय. एक अख्खा दिवस बोटीने बेटं फिरायची, स्नॉर्केलिंग करायचं असं ठरलंय. रॉस आणि नॉर्थ बे करावं, की वंडूरहून जॉली बॉय? माझा ओढा जॉली बॉयकडे आहे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट, प्लास्टिकला बंदी, हे मला फार आवडलं. पण तिथे धक्का नाही; मोठ्या बोटीतून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. कुणी ज्येष्ठांना नेलंय का? बोटवाले नीट हात धरून उतरवतात का?

दुसरं म्हणजे लेकीचा चष्मा, उणे पाचचा. मास्कखाली काड्या आल्या की कडेने पाणी शिरतं, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. नंबरचा मास्क पुण्यात कुठे मिळेल? लक्ष्मी रोडला विचारून झालं. पोरगी टिळक टँकवर छान पोहते, पोहण्याची काळजी नाही. तिला प्रवाळ आणि मासे स्पष्ट दिसावेत, एवढंच मनापासून वाटतं.

आणि हो, आईला बोट लागते. गोळीशिवाय काही उपाय?