घोड्यांच्या कुरणाच्या कुंपणात करंट येतोय का नाही, सुरक्षितपणे कसं तपासायचं?

रानवाट
नमस्कार मंडळी. चार घोडे आहेत, कुरणाला झटका कुंपण आहे, वर रुंद पट्टी आणि खाली दोरी. मशीन टक टक करतंय, लाईट पण लागतोय, पण आठवडाभर झाला मोठी घोडी बिनधास्त मान बाहेर काढून पलीकडचं गवत खातेय, छातीने पट्टी रेटतेय, म्हणजे तिला काहीच लागत नाहीये. काल घरातल्या साध्या मल्टीमीटरने बघितलं तर आकडा नुसता उड्या मारतोय. एकजण म्हणाला गवताची काडी लावून बघ, दुसरा म्हणाला उलटा हात लाव. मला खरंच भीती वाटते, आणि स्वतःपेक्षा घोड्यांची जास्त, कारण मी कुंपणाशी काही करायला गेलो की सगळे येऊन पाठीला नाक लावून उभे राहतात. नीट पद्धत सांगा कुणीतरी.

लगाम
आधी तो मल्टीमीटर बाजूला ठेवा दादा. कुंपणातला झटका काही हजार व्होल्टचा असतो आणि सेकंदाला एकदाच, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो. साधं मीटर तेवढ्यात तो पकडू शकत नाही आणि तेवढं व्होल्टेज त्याला झेपत पण नाही, जळेल, हातात असताना जळेल. कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो, त्याला एक वायर आणि टोकाला खिळा असतो. खिळा आधी ओल्या मातीत खोचायचा, मग टेस्टरचं टोक तारेला लावायचं, हा क्रम उलटा करू नका. आकडे दाखवणारा घ्या, नुसते दिवे लागणाऱ्यावर अंदाजच कळतो.

काडी आणि उलटा हात दोन्ही विसरा. काडी वाळलेली असली तर काहीच जाणवत नाही, हिरवी असली तर चांगलाच बसतो, आणि किती व्होल्ट आहेत ते दोन्हीत कळत नाही.

घोडे आधी दुसऱ्या कुरणात न्या, आणि तपासणी संपेपर्यंत तिथेच राहू द्या. मग मशीनची वायर कुंपणापासून सोडवून नुसत्या मशीनवर मोजा (वायर सोडवताना आणि परत जोडताना मशीन बंद). नंतर जोडून मशीनजवळ मोजा आणि शेवटी सगळ्यात लांबच्या टोकाला. लांबच्या टोकाला ३,००० च्या वर पाहिजे, २,००० च्या आत आलं की दाट केसांचा घोडा मोजतच नाही. नुसतं मशीन भरपूर दाखवतंय आणि कुंपण जोडल्यावर पडतंय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. मशीनची टक टक म्हणजे फक्त मशीन चालू आहे, बाकी काही नाही.

टापांचा आवाज
लगामभाऊंनी बरोबर सांगितलं, पण अर्थिंग राहिलं. निम्म्या कुंपणांचा आजार तिथेच असतो असं माझं मत आहे. झटका तारेतून घोड्यात, घोड्यातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थिंगच्या रॉडमधून परत मशीनला गेला तरच लागतो. जमीन कोरडी, रॉड एकच आणि तोही गंजलेला, मग तारेत कितीही व्होल्ट असून उपयोग काय.

तपासायचं असं. मशीन बंद करा. मशीनपासून १०० मीटर लांब जाऊन तीन-चार लोखंडी सळया जमिनीत ठोका आणि करंटच्या तारेला टेकवून ठेवा, म्हणजे मुद्दाम गळती केली. आता मशीन चालू करा, सळयांना अजिबात हात लावायचा नाही, त्यांच्यात करंट आहे. तारेवर २,००० च्या खाली आलं पाहिजे, नाही आलं तर परत बंद करून अजून सळया. मग टेस्टरचा खिळा अर्थिंगच्या रॉडपासून वायर पोचेल तितका लांब खोचा आणि रॉडवर मोजा. ३०० च्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. जास्त असेल तर अजून रॉड ठोका, एकमेकांपासून ३ मीटर तरी लांब, आणि घराच्या अर्थिंगपासून १० मीटर तरी दूर. झालं की मशीन बंद करूनच सळया काढा.

सायली_अश्व
एक कळकळीची विनंती. दोर हातात धरून, घोडा शेजारी उभा करून कुंपणाला कधीच हात लावू नका. मी एकदा एका हातात माझ्या घोडीचा दोर असताना दुसऱ्या हाताने गेटचा हुक लावत होते, दांड्याचं प्लास्टिक तडकलेलं दिसलंच नाही. झटका मला बसला तसा तिलाही बसला आणि ती दोर हिसकून पळाली. नंतर कितीतरी दिवस गेटजवळ आली की चारही पाय रोवून थांबायची, नाकपुड्या फुलवून त्या हुकाकडे बघत राहायची. रोज चारा घेऊन नुसती तिथे उभी राहायचे, ओढायचे नाही, तेव्हा कुठे आली.

आणि वाकून तारेखालून जाऊ नका, डोक्याला झटका बसणं वेगळंच. पेसमेकर असलेल्या माणसाला हे काम देऊच नका. ढग गडगडत असतील तर त्या दिवशी कुंपण राहू द्या.

रानवाट
टेस्टर आणला. नुसतं मशीन ७,४००, जोडल्यावर लांबच्या टोकाला १,८००. अर्थिंग २००, म्हणजे ठीक आहे ना? गळती शोधू कशी, कुंपण बरंच लांब आहे.

लगाम
अर्थिंग उत्तम. आता कुंपणाचा अर्धा अर्धा भाग जोडणीतून सोडवत जा, दर वेळी मशीन बंद, चावी काढून खिशात, म्हणजे मागून दुसरं कुणी चालू करणार नाही. ज्या भागाला सोडल्यावर आकडा उसळतो तो भाग धरा. रात्री पाऊस नसताना चालत जा, फुटलेल्या इन्सुलेटरवर (तार खांबाला टेकू न देणारा तुकडा) चट चट आवाज येतो, अंधारात निळी ठिणगी पण दिसते. पट्टीतल्या बारीक तारा तुटल्यात का बघा, बाहेरून पट्टी धडधाकट दिसते. गेटखालून वायर नेलीय का? घरातली साधी वायर असेल तर संशय तिच्यावरच.

आणि रागावून कुणी मेनलाईनची वीज थेट तारेत सोडू नका, तो सापळा आहे. मान्यताप्राप्त मशीनचा झटका ५ ज्यूलच्या आत आणि सेकंदाला एकच असतो, म्हणून जनावर मागे सरकू शकतं. काटेरी तारेतही करंट सोडू नये, अडकलेला घोडा सुटायला धडपडतो आणि झटके चालूच राहतात.

रानवाट
लगामभाऊ, गेटखालचीच वायर निघाली! सोडली आणि आकडा ६,२०० वर. उकरून बघितलं तर साधी घरगुती वायर, घोडे जिथून जातात तिथे आवरण चिरलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि आजूबाजूची माती ओली चिकट. आता कुंपणासाठीची जाड दुहेरी आवरणाची वायर पाईपात घालून खोल पुरलीय. लांबच्या टोकाला ५,९००, खांबावर तारीख आणि आकडा मार्करने लिहून ठेवलाय.

घोडी संध्याकाळी परत सोडली, तिला मुद्दाम कुंपणाकडे नेलं नाही. स्वतःच गेली, मिशा पट्टीला लागल्या, झटकन मागे सरली आणि मधल्या झाडाखाली जाऊन चरायला लागली. कोपऱ्यातला एक इन्सुलेटर तडकलेला सापडलाय, तो उद्या बदलतो. सायलीताई, गेटचे दांडे पण बघितले, दोन्ही चांगले आहेत.