नवीन वॉशिंग मशीन घ्यायचंय, टिकाऊ कसं ओळखायचं?

प्रश्न: आमचं फ्रंट लोड नऊ वर्षांनी गेलं. आधी नुसती घरघर, मग पिळताना कानठळ्या बसायच्या. दार उघडून ड्रम हाताने वर उचलला की खडखड हलायचा. मेकॅनिक म्हणाला, बेअरिंग गेलंय, पण बाहेरचा टब वेल्ड केलेला, त्यामुळे अख्खा संचच बदलावा लागेल. एका बेअरिंगपायी धडधाकट मोटर भंगारात गेली, फार जिवाला लागलं. आता काय बघून घेऊ? घरात पाच माणसं, पाणी जड.

उत्तर: टब स्क्रूने जोडलेला आहे का, हे आधी विचारा. मोटरवर १० वर्षांची वॉरंटी ठळक छापतात. बेअरिंग आणि सर्किट बोर्ड त्यात बहुधा नसतात. कार्ड वाचूनच पैसे द्या.

उत्तर: पाच माणसांना ८ किलोचं घ्या. जड पाण्याने हीटरवर क्षार चढतात, अधूनमधून डीस्केलिंग करा, म्हणजे ते क्षार काढून टाका. आणि वाहतुकीचे बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढल्याशिवाय मशीन चालू करू नका, हे तर विसरूच नका!

प्रश्नकर्ती: टबचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. उद्या दुकानात पहिला प्रश्न हाच.