घाटात इंजिन तापते. हायड्रॉलिक पंखा मंद फिरतो

प्रश्न: जुन्या डिझेल बसचे आम्ही मोटरहोम केले आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना इंजिन तापते, तरी मागचा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर फिरणारा) पंखा मंदच फिरतो. कूलंट पुरेसे आहे. मेकॅनिक पंख्याला तेल पुरवणारा पंप बदलायला सांगतात. आपले मत कळवावे.

उत्तर १: पंपाचा खर्च इतक्यात करू नये. पंख्याची नियंत्रण झडप विजेवर चालणारी असल्यास, इंजिन बंद असताना तिचा कनेक्टर काढून मग ते सुरू करावे. बहुतेक रचनांत झडपेला जाणारा संकेत तुटला की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. तसे झाले, तर पंप व पंखा फिरवणारी मोटर ठीक असून दोष बहुधा तापमानाच्या सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे, असे समजावे. न झाल्यास तेलाची पातळी, फिल्टर आणि अडकलेली रिलीफ झडप (जादा दाब सोडणारी) तपासून गेजने दाब मोजावा. गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचे तेल कातडीत घुसते.

उत्तर २: रेडिएटरही पाहावा. आमच्या भागात कापसाचे तंतू त्यात नमद्यासारखे बसतात.

प्रश्नकर्ता: कनेक्टर काढून इंजिन सुरू करताच पंखा गरजला. गाडी पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी होती. सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडलेली सापडली.