संस्थापकांच्या मेळाव्यात दुपारचे वेळापत्रक कोरे ठेवावे का?

घणसोलीकर (धागाकर्ता)

नवी मुंबईत महापे येथील औद्योगिक वसाहतीत आमच्या गटाचा वार्षिक मेळावा पुढच्या महिन्यात भरणार आहे. वागळे इस्टेट, रबाळे, ऐरोली, तुर्भे या पट्ट्यातले साधारण साठ संस्थापक येतील. त्यांत सॉफ्टवेअरवाले आहेत, सुटे भाग बनवणारे आहेत आणि खाद्यपदार्थांच्या व्यवसायातलेही काही आहेत. गेल्या वर्षी आम्ही सहा व्याख्याने आणि एक परिसंवाद ठेवला होता. परिसंवादात पाच जण मंचावर बसले आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना शेवटची सात मिनिटे उरली. नंतर ज्याला त्याला विचारले, त्याला व्याख्यानांपेक्षा वाहनतळाजवळ चहाचा कप हातात घेऊन झालेले बोलणेच आठवत होते.

हा अनुभव जुनाच आहे. हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये वर्षभर राबून अडीचशे जणांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे चहापानाची मध्यंतरे, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून १९८५ मध्ये त्यांनी ‘ओपन स्पेस’ ही, विषय जमलेल्यांनीच तिथल्या तिथे ठरवण्याची पद्धत सुरू केली. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे पहिले बारकॅम्प, म्हणजे येणाऱ्यांनीच सत्रे घ्यायचा तंत्रज्ञांचा मेळावा, भरले, तेही आठवड्याभराच्या आत जुळवून आणलेले होते.

माझा प्रस्ताव असा आहे. सकाळी एकच व्याख्यान ठेवावे. जेवणानंतर भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर चार जागा आणि तीन वेळा यांचे बारा चौकोन आखावेत. ज्याला प्रश्न मांडायचा असेल त्याने तो कार्डावर लिहावा, सर्वांसमोर एका वाक्यात वाचून दाखवावा आणि हव्या त्या चौकोनात चिकटवावा. प्रत्येक सत्र ४५ मिनिटांचे असेल. जिथे आपण काही शिकत नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे, हा ओवेन यांचा ‘दोन पायांचा नियम’ आपणही पाळावा. ठाण्याला आणि पनवेलला लोकलने परतणाऱ्यांचा विचार करून साडेपाचला समारोप करावा. आपल्याला काय वाटते?

गाळा नंबर चौदा

माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याला मी गेलो होतो. कोऱ्या कागदासमोर सगळे अर्धे मिनिट गप्प उभे राहिले आणि मग तीन जणांनी भराभर पाच कार्डे लावली. त्यांपैकी दोन सत्रे ही उघडउघड त्यांच्या मालाची जाहिरात होती. माझ्या शेजारी डाय (सुट्या भागांचे साचे) बनवणारा एक तरुण उभा होता, त्याचे मोठे गिऱ्हाईक नुकतेच तुटले होते. जेवताना तो माझ्याशी अर्धा तास त्याबद्दल बोलला होता, पण भिंतीपाशी त्याने पेन उचलले नाही. ज्याला बोलायची सवय आहे त्याच्यासाठी मोकळी जागा मोकळी असते, बाकीच्यांना तिथे उभे राहायचीही चोरी वाटते.

दोन पायांच्या नियमाविषयी म्हणाल, तर वीस वर्षे धंद्यात असलेले गृहस्थ बोलत असताना आपल्याकडे मधूनच कोण उठणार आहे? माणूस जागेवरच बसतो आणि मांडीवर मोबाईल ठेवून वाचत राहतो. शिवाय व्याख्यानाला इतके हलके लेखण्याचे कारण मला समजलेले नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे आणि आपल्या ठाण्यातही दर जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमालेला लोक थंडीत येऊन बसतात. तयारी करून आलेल्या माणसाचे तासभर ऐकणे हीसुद्धा एक शिस्त आहे. गेल्या वर्षीची व्याख्याने फसली असतील, तर वक्ते निवडताना चूक झाली असे म्हणावे.

हिशेबनीस

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे आणि माझी भीती निराळी आहे. साठ संस्थापकांनी मनापासून प्रश्न लिहिले, तर ‘गिऱ्हाईक वेळेवर पैसे देत नाही’ हा प्रश्न बाराच्या बारा चौकोनांत येऊ शकतो. आता हा विषय नुसत्या अनुभवावर सोडता येतो का ते पाहा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. त्यात कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे ४३बी(एच) हे कलम लागू झाले. त्यामुळे मुदत टळल्यावर पैसे देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षात मिळते.

इथपर्यंत बहुतेकांना ऐकून माहीत असते. परंतु हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरते आहे, मध्यम उद्योगांना ते नाही. केवळ व्यापार करणाऱ्याला ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी मिळते, पण उशिराच्या देयकांबाबतचा हा लाभ मिळत नाही. गोलात बसलेल्या बारा जणांपैकी एखादा व्यापारी ‘मलाही तिप्पट व्याज मिळते’ असे ठासून सांगेल, उरलेले माना डोलावतील आणि सोमवारी माझ्याकडे चुकीची पत्रे लिहून घ्यायला येतील. व्यासपीठावरचा वक्ता चुकला तर निदान त्याला कुणीतरी जबाबदार धरते.

ऐरोलीची संस्थापिका

हिशेबनीस यांनी दिलेली माहिती अचूक आहे आणि ती मला तीन वर्षांपूर्वीही होती, तरी माझे पैसे अडकलेच. एका मोठ्या कंपनीकडे आमची सॉफ्टवेअरची दोन बिले सात महिने पडून होती. थकलेल्या देयकांसाठीच्या सरकारी ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते हे मला ठाऊक होते आणि अर्ज भरूनही ठेवला होता. पण तक्रार केली की ते गिऱ्हाईक कायमचे जाणार, आणि माझ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा त्याच गिऱ्हाइकाकडून येत होता. यावर काय करावे हे कोणत्या व्याख्यानात सांगतात?

मला ते सांगितले तुर्भ्याच्या एका पॅकेजिंगवाल्याने, तेही वडापाव खाता खाता. त्याने मला आधी विचारले की त्या कंपनीत देयके महिन्यातल्या कोणत्या तारखेला सोडतात. मला ते माहीत नव्हते. मग तो म्हणाला की खरेदी विभागाशी भांडण्यात अर्थ नाही, लेखा विभागात बिल नोंदवणाऱ्या माणसाला फोन करा, माल किंवा काम मिळाल्याची नोंद त्यांच्या प्रणालीत झाली आहे का एवढेच विचारा, आणि पुढच्या ऑर्डरवर तीस टक्के आगाऊ मागा. आमच्या पहिल्या बिलाची नोंदच झालेली नव्हती. पाच आठवड्यांत दोन्ही बिलांचे पैसे आले.

म्हणून मला दोन्ही गोष्टी हव्या आहेत. कायदा काय म्हणतो हे हिशेबनीस यांनी सकाळच्या व्याख्यानात सांगावे आणि दुपारी त्या गोलात नुसते बसावे, कोणी चुकीचे बोलले तरच बोलावे. दुपारच्या कार्डावर मात्र ‘उशिराची देयके’ असा विषय लिहू देऊ नये. ‘माझे अमुक महिन्यांचे पैसे अडकले आहेत, मी हे करून पाहिले, पुढे काय?’ असे लिहायला लावावे. विषय लिहिला की माणसे भाषण करू लागतात, अडचण लिहिली की निदान आधी ऐकतात.

घणसोलीकर (धागाकर्ता)

ऐरोलीच्या ताईंची कार्डाची सूचना मी जशीच्या तशी स्वीकारतो. जाहिरातीची सत्रेही त्यामुळे बरीचशी गळून पडतील, कारण अडचण लिहायची म्हटली की विक्रेत्याकडे लिहिण्यासारखे फार उरत नाही.

गाळा नंबर चौदा यांचा पेन न उचलणाऱ्या तरुणाबद्दलचा आक्षेप मला अधिक टोचला. बारकॅम्पमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याने काहीतरी मांडलेच पाहिजे असा दंडक असे, पण आपल्याकडे तसे केले तर तो तरुण मेळाव्यालाच येणार नाही. व्हॉट्सॲपवर आधी प्रश्न मागवावेत का?

गाळा नंबर चौदा

जरूर मागवावेत, आणि मी तर म्हणतो आधी मागवून, निवडून, वेळापत्रकच छापून टाकावे. मग तुमचे काम सोपे आणि आमचेही.

घणसोलीकर (धागाकर्ता)

तिथेच माझी हरकत आहे. आम्ही निवडायला बसलो की सारखे वाटणारे चार प्रश्न एकत्र करणार, त्याला भारदस्त शीर्षक देणार आणि सूत्रसंचालनाला ओळखीचा माणूस बसवणार, म्हणजे गेल्या वर्षीचा परिसंवादच पुन्हा भरणार. मधला मार्ग असा सुचतो की आधी आलेले प्रश्न नाव न घालता कार्डांवर लिहून भिंतीच्या एका बाजूला लावून ठेवावेत. जेवणानंतर कोणीही त्यांतले कार्ड उचलून चौकोनात लावावे, मग तो प्रश्न स्वतःचा असो वा दुसऱ्याचा. ज्याने लिहिले त्याला तोंड उघडावे लागत नाही आणि निवडीचा अधिकार जमलेल्यांकडेच राहतो. कोणी उचलले नाही तर ते कार्ड तिथेच राहील, एवढा धोका पत्करावा लागेल.

पापड-लोणचे ते फ्रोझन

कार्डे मराठीत लिहायची की इंग्रजीत, हे कोणीच विचारले नाही. मी कोपरखैरण्यात फ्रोझन मोदक आणि पुरणपोळीचा उद्योग चालवते. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मेळाव्यात माझ्या गोलात पहिला माणूस इंग्रजीत बोलला आणि त्यानंतर पाऊण तास सगळे इंग्रजीतच बोलत राहिले. जे अडखळले असते ते गप्प बसले. पहिले वाक्य मराठीत व्हावे एवढी जबाबदारी यजमानाने घ्यावी, पुढे ज्याला जसे जमेल तसे त्याने बोलावे.

ज्येष्ठांसमोरून उठून जाण्याच्या अडचणीवरही एक उपाय आहे. मध्ये पाच खुर्च्या ठेवाव्यात आणि चारच भराव्यात, बाकीच्यांनी भोवती बसावे. बोलायचे असेल त्याने रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचे, आणि तो आला की आधीच्या चौघांपैकी एकाने उठायचे. इंग्रजीत याला फिशबोल म्हणतात, आमच्या महिला मंडळात आम्ही संगीत खुर्ची म्हणतो. ‘काका, आता पुरे’ असे कोणालाही म्हणावे लागत नाही, खुर्चीच ते सांगते. काका रागावले तर खुर्चीवर रागावतील.

गाळा नंबर चौदा

पाच खुर्च्यांची कल्पना मला पटली, हे प्रांजळपणे मान्य करतो. कार्डांची व्यवस्थाही चालेल. पण आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न. बोललेले बाहेर जाणार नाही याची हमी कोण देणार? चॅटम हाउस या लंडनच्या अभ्याससंस्थेचा १९२७ पासूनचा नियम प्रसिद्ध आहे: ऐकलेले वापरावे, परंतु कोण बोलले हे सांगू नये. लंडनमध्ये तो पुरत असेल. आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर एखादा विशिष्ट भाग बनवणारे दोघेच असतात. ‘एका कारखानदाराचे दोन महिन्यांचे पगार थकले आहेत’ एवढे कळले, तरी संध्याकाळपर्यंत त्याचा कच्च्या मालाचा पुरवठादार उधारी बंद करील.

ऐरोलीची संस्थापिका

सहमत. भिंतीचे फोटो काढू नयेत, आणि दुपारच्या सत्रांत गुंतवणूकदारांना प्रवेश नसावा.

घणसोलीकर (धागाकर्ता)

फोटोंचे ठीक आहे, तसे सकाळीच जाहीर करू. गुंतवणूकदारांचे मात्र अवघड आहे, कारण जेवणाचा खर्च त्यांच्यापैकीच दोघे उचलत आहेत आणि ते दिवसभर थांबणार असे ठरले आहे. साठ माणसांचे जेवण आम्हाला वर्गणीतून परवडत नाही.

गाळा नंबर चौदा

मग वर्गणी वाढवा. मी माझा डबा घरून आणीन आणि माझ्या वाट्याचे पैसेही देईन, पण ते दोघे दुपारी खोलीत बसणार असतील, तर त्या डाय बनवणाऱ्या तरुणाला मी सोबत आणणार नाही. आमच्या गाळ्यात गुरुवारपर्यंत नाव कळवायचे आहे, तोवर आपला निर्णय सांगावा.

हिशेबनीस

त्या दोन गुंतवणूकदारांपैकी एक माझे अशील आहेत. त्यांना जेवणानंतर ऐरोलीचे खाडीवरचे फ्लेमिंगो दाखवायला मी घेऊन जाऊ शकतो, दुसऱ्यांचे तुम्ही पाहा.